सहा टिचबटणं

टेलरबाई वाचली ती गोळ्या-इंजेक्शनांमुळे, असं दवाखान्याचं म्हणणं होतं. तिचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं. ‘मी वाचले ती रागाने,’ असं ती सांगायची, आणि ज्यांनी तो राग पाहिला होता त्यांना ते फारसं खोटं वाटायचं नाही.

झालं ते असं. दुकानात बसून एका गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावत असताना तिच्या पाठीत, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, कोणी गरम इस्त्री टेकवावी तसं काहीतरी टेकलं. मग जबडा दुखायला लागला. मग घाम फुटला, तोही गार. आठ महिन्यांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीला हेच झालं होतं, याच क्रमाने, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली होती. त्यामुळे टेलरबाईने जरा पडून बघू, पाणी पिऊन बघू असलं काही केलं नाही. सुई गादीत खोचली आणि शेजारच्या घड्याळवाल्याला हाक मारून म्हणाली, ‘गाडी बोलवा, मला हार्ट अ‍ॅटॅक आलाय.’ तो हसला. तेव्हा तिने त्याला अशी एक शिवी हासडली की तो चपला न घालताच पळाला.

दवाखान्यात ईसीजी काढायला एक मुलगी आली. नवीन होती, पण हाताला गोंधळ नव्हता. तिने ब्लाउजचे हुक काढले, ‘ताई, हात लावतेय हं,’ म्हणाली, तळहात उलटा करून छाती वर उचलली आणि तिच्याखाली बरगड्यांवर बोटाने मोजत एकेक चकती चिकटवली. जीव घशाशी आलेला असतानाही टेलरबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धाकटीला असं केलं नव्हतं. धाकटीच्या चकत्या वर होत्या, गळ्याच्या जवळ. ब्लाउजचा एकच हुक काढलेला, बाकीचे तसेच. पट्टी निघाली आणि डॉक्टर म्हणाले होते, ‘नॉर्मल आहे. पित्त असेल. ताण घेऊ नका.’

त्या खाटेवर पडल्या पडल्या टेलरबाईने ठरवलं की मरायचं नाही. निदान त्या माणसाचं काहीतरी केल्याशिवाय तरी नाही.

तो माणूस म्हणजे पट्टीवाला. पंधरा-सोळा वर्षं त्याच दवाखान्यात ईसीजी काढत होता, मशीनमधून निघालेली पट्टी एका झटक्यात फाडायचा, म्हणून सगळे त्याला तेच म्हणत. पन्नाशीचा, किडकिडीत, केसांचा भांग पट्टी लावून पाडल्यासारखा. त्याची ख्याती होती सभ्य म्हणून. बायकांच्या खोलीत गेला की छताकडे बघत काम करतो, मान म्हणून खाली करत नाही, असं कौतुकाने सांगत सगळे. टेलरबाईने हे कौतुक पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दात-ओठ खात घरी गेली. छताकडे बघत! तिच्या दुकानात कोणी छताकडे बघत माप घेतलं असतं, तर त्याला तिने दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं.

पित्त म्हणणारा डॉक्टर तोवर नोकरी सोडून परदेशी गेला होता. हाताशी उरला होता तो हा एक.

बऱ्या झालेल्या बायकांसाठी दवाखान्यात दर बुधवारी सकाळी एक वर्ग चालायचा. व्यायामाच्या खोलीत आठ खुर्च्या, एक जागच्या जागी चालवायची सायकल, भिंतीवर हृदयाचं मोठं चित्र आणि वजनकाटा, ज्याच्याकडे बघायचं सगळ्याच जणी टाळायच्या. वर्ग घ्यायच्या नर्सबाई. साठीला टेकलेल्या, आवाज खणखणीत, आणि खोटा दिलासा द्यायची त्यांना सवयच नव्हती.

‘सिनेमात माणूस छाती धरून कोसळतो,’ त्या म्हणायच्या. ‘बाई तशी कोसळेलच असं नाही. बाई म्हणते, जरा दमल्यासारखं वाटतंय. जबडा दुखतोय. मळमळतंय. पाठीत भरून आलंय. आणि मग उठून भांडी घासते. तुम्ही घासायची नाहीत. तुम्ही फोन उचलायचा आणि पहिलं वाक्य बोलायचं, “मला हृदयाचा आजार आहे.” चला, म्हणा सगळ्या.’

सगळ्या म्हणायच्या. निवृत्त हेडबाई सगळ्यांत मोठ्याने म्हणायच्या, कारण आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांकडून म्हणवून घेतलं होतं. बेकरीवाली लाजत म्हणायची. मग कॉरिडॉरमध्ये बारा फेऱ्या, प्रत्येक चार फेऱ्यांनी थांबून मनगटावर नाडी मोजणं, कोणी गोळ्या चुकवल्या त्याची झडती. बेकरीवाली दर आठवड्याला सांगायची की लोणी सोडलं, आणि दर आठवड्याला हेडबाई तिच्या बाहीवरचा डाग वास घेऊन तपासायच्या. टेलरबाई हे सगळं चोख करायची. गोळी चुकवायची नाही, फेरी चुकवायची नाही. नर्सबाईंना वाटायचं, काय शिस्तीची बाई आहे! शिस्त कसली, तिला फक्त पट्टीवाल्याच्या आधी मरायचं नव्हतं.

धाकटीची गोष्ट तिने वर्गात पुष्कळदा सांगितली होती. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता ती कशी मध्येच बसली, आधी दाताच्या डॉक्टरकडे कशी गेली, दवाखान्यात कशी थरथरत होती, अंगावर धरलेली पांढरी चादर, चादरीच्या कोपऱ्यात दवाखान्याचा निळा शिक्का, आणि तो माणूस छताकडे बघत गळ्यापाशी चकत्या लावतोय. इथवर आली की ती भरभर पुढे जायची. एकदा तिने नर्सबाईंना स्पष्टच विचारलं, ‘चकत्या नीट लावल्या असत्या तर ती वाचली असती?’

नर्सबाई म्हणाल्या, ‘सांगता येणार नाही. नीट लावूनही कधीकधी दिसत नाही. पण दिसायची संधी तरी मिळाली असती.’

टेलरबाईला तेवढं पुरलं. त्या दिवशी घरी जाऊन तिने तक्रार लिहायला घेतली. धाकटीच्या पट्टीची झेरॉक्स जोडली, तारीख घातली, पट्टीवाल्याला कामावरून काढा अशी मागणी केली आणि पाकीट पिशवीत ठेवलं. पण द्यायला तिचा हात धजेना. कागद एकदा दिला की कुठल्या तरी कपाटात जाईल, तिथे त्याला वाळवी लागेल आणि तो माणूस छताकडे बघत राहील. तिला त्याला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं होतं.

ती संधी नर्सबाईंनीच आणून दिली.

एका बुधवारी त्यांनी काखेत धरून एक प्लास्टिकचं धड आणलं आणि टेबलावर उभं केलं. डोकं नाही, हात नाहीत. रुंद खांदे, सपाट छाती, हाताला लागतील अशा उंचवट्याच्या बरगड्या.

‘अगं बाई, हा कोण?’ बेकरीवाली म्हणाली.

‘ईसीजी काढायला ह्याच्यावर शिकवतात,’ नर्सबाई म्हणाल्या. ‘इथेच नाही, बऱ्याच ठिकाणी. चकती कुठे लावायची ते ह्या बाप्यावर शिकायचं. मग समोर बाई आली की हात गडबडतात. मी नवीन मागवा म्हणून तीनदा लिहिलं. म्हणून म्हटलं, आपल्याकडे टेलरबाई आहेत.’

हेडबाईंनी त्या धडाला सपाटराव असं नाव ठेवलं आणि खोलीत हशा पिकला. टेलरबाई हसली नाही. ती उठून सपाटरावाभोवती एक चक्कर मारून आली. गळ्यातला टेप काढला, छाती मोजली, खांदा मोजला.

‘कोण कोण शिकणार ह्याच्यावर?’

‘आपले तिघेही. ती नवीन मुलगी, रात्रपाळीचा तो उंच मुलगा आणि पट्टीवाले. मोठे डॉक्टरही येतील बघायला. इथेच करू, तुमच्यासमोर. तुम्हालाही कळलं पाहिजे कुठे काय लावतात. उद्या कोणी चुकलं तर तुम्ही बोलाल.’

‘दोन आठवडे द्या,’ टेलरबाई म्हणाली. तिचा आवाज इतका गोड झाला होता की हेडबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

दुकानात टेलरबाईची मापांची जाड वही होती. एका गिऱ्हाइकाला एक पान. धाकटीला मात्र चार पानं होती, कारण एकोणिसाव्या वर्षापासून तिचे सगळे कपडे हिनेच शिवले होते. बत्तीस खोडून तेहतीस, पहिल्या बाळंतपणानंतर छत्तीस, मध्ये एक वर्ष हट्टाने डाएट केलं ते पस्तीस, पुन्हा छत्तीस. शेवटचं माप आजारपणाच्या दोन आठवडे आधीचं. समोर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘डावी बाजू पाव इंच जास्त, उजवा खांदा उतरता, गळा खोल नको म्हणते.’ त्या मापाचा निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा ब्लाउज कपाटात पडून होता. नुसते हुक लावायचे राहिले होते.

टेलरबाईने सपाटरावाची त्या मापाची बाई केली. मऊ सुती कापडाची कातडी, आत कापूस, तो एकदम ठासून नाही, उचलला तर हातात वजन येईल इतका. उजवा खांदा तासून थोडा उतरवला. डाव्या बाजूला पाव इंच जास्त. नर्सबाईंनी प्लास्टिकवर आधीच खडूने सहा जागा आखून दिल्या होत्या, आणि टेलरबाईने त्या तीनतीनदा विचारून पक्क्या केल्या होत्या. त्या सहा जागांवर तिने सहा टिचबटणं शिवली. एक अर्धं आतल्या थरावर, दुसरं अर्धं बरोबर त्याच्यावर, कातडीच्या आतल्या बाजूने. बाहेरून काही दिसायचं नाही. बोट नेमक्या जागी दाबलं तर दोन्ही अर्धी एकमेकांत बसून टिच असा आवाज यायचा. बोट जरा सरकलं तर काहीच नाही. कातडी हलकेच ओढली की बटण पुन्हा सुटं, पुढच्यासाठी तयार.

एकदा तिच्या मनात आलं, ही बटणं अर्धा इंच सरकवली तर? मग त्याने कितीही नीट केलं तरी टिच होणार नाही. सगळे हसतील. ती सुई हातात धरून बराच वेळ बसली. पण त्या अर्ध्या इंचावर उद्या ती नवीन मुलगी शिकली असती, आणि कोणाची तरी बहीण घरी पाठवली गेली असती पित्त म्हणून. सूड घ्यायचा तर तो कापायचा सरळ रेषेत, असं तिचं होतं. तिने बटणं होती तिथेच पक्की केली, आणि शेवटी निळ्या ब्लाउजला हुक लावले. सगळे सात.

ठरलेल्या बुधवारी खोली भरली. आठ खुर्च्यांवर बायका, मोठ्या डॉक्टरांना जागाच उरली नाही म्हणून ते सायकलच्या सीटवर टेकले. टेबलावर निळ्या ब्लाउजमध्ये ती बसवलेली. आता तिला सपाटराव म्हणायला कोणाचीच जीभ रेटेना.

टेलरबाईने बटणांचं सांगितलं. ‘बरोबर जागा असेल तर आवाज येईल. सहा वेळा यायला हवा.’

नवीन मुलगी पुढे झाली. हुक काढले, गळ्याखालच्या खळगीतून बोट खाली सरकवत हाडाचा उंचवटा शोधला, तिथून बरगड्या मोजल्या. टिच. टिच. मग उलट्या हाताने डावी छाती उचलली आणि पुढची जागा दाबली. टिच. सहाच्या सहा. बायकांनी टाळ्या वाजवल्या. रात्रपाळीच्या उंच मुलाने चार वाजवली, दोन चुकली, नर्सबाईंनी त्याचा हात धरून जागा दाखवली, तो घामाघूम होऊन खाली बसला.

मग पट्टीवाला आला. अंगात स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. त्याने बायकांना मान लवून नमस्कार केला आणि नजर छताकडे नेली. टेलरबाईचं काळीज असं काही उडायला लागलं की तिने गुपचूप मनगट धरून नाडी मोजली. शंभर.

त्याने सवयीने वरचा एकच हुक काढला. दोन बोटं आत घातली आणि गळ्याजवळ दाबलं. आवाज नाही. जरा बाजूला दाबलं. आवाज नाही. तिसरं ब्लाउजच्या वरूनच दाबून बघितलं. मागून बेकरीवाली फिसकन हसली. चौथं. पाचवं. सहावं तो दाबेचना.

टेलरबाई उठली. तिने हा क्षण इतक्या वेळा मनात पाहिला होता की पाय आपोआप चालले. पिशवीतून पट्टीची झेरॉक्स काढून तिने त्याच्यासमोर धरली.

‘ही ओळखता? तुमच्या हातची आहे. तारीख बघा. बेचाळीस वर्षांची बाई, जबडा दुखतोय, पाठ दुखतेय, उलट्या होतायत. तुम्ही असंच केलंत, छताकडे बघत. नॉर्मल आली. तीन दिवसांत गेली ती. माझी बहीण होती.’ तिचा आवाज चढत गेला. ‘सभ्य म्हणवता? थू त्या सभ्यपणावर! माझ्या बहिणीच्या जिवापेक्षा तुम्हाला तुमची मान सांभाळायची होती!’

मोठे डॉक्टर सायकलवरून उतरले. पट्टीवाल्याने तो कागद हातात घेतला, तारीख वाचली, आणि बहुतेक पहिल्यांदाच एका बाईकडे सरळ बघितलं.

‘आठवतं मला,’ तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. ‘मी हुक काढायला हात पुढे केला होता, ताई. पहिला काढलाही होता. तुम्ही चादर धरून उभ्या होतात. तुम्ही म्हणालात, “ती फार लाजते हो, वरूनच करा ना.”’

त्याने तो कागद टेबलावर ठेवला.

‘मी ऐकायला नको होतं,’ तो म्हणाला. ‘पण मला ते सोपं पडलं. मलाही तेच हवं होतं.’

हेडबाईंनी टेलरबाईचा हात धरला. ‘खरं का गं?’

नाही म्हटलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं. खोलीतल्या सगळ्या बायका तिच्या बाजूच्या होत्या, त्याच्या शब्दाला कोणी विचारलं नसतं, आणि धाकटी काही उठून साक्ष द्यायला येणार नव्हती. टेलरबाईने तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांसमोर आला तो चादरीच्या कोपऱ्यातला निळा शिक्का. तो शिक्का तिला इतका स्पष्ट आठवत होता, कारण तो तिच्या स्वतःच्या अंगठ्याखाली होता. धाकटीने डोळे मिटून कुजबुजलं होतं, ‘ताई, नको ना,’ आणि हिने, जिने हजारो बायकांची छाती टेपने मोजली, जिला कशाचीच लाज नव्हती, हिने त्या एका दिवशी बहिणीची लाज राखली होती.

‘खरं आहे,’ ती म्हणाली. ‘चादर मी धरली होती.’

नर्सबाईंनी तिला खुर्चीत बसवलं, जिभेखाली गोळी हवी का विचारलं, तिने नको म्हणून मान हलवली. बेकरीवाली रडायला लागली होती. पट्टीवालाही रडेल असं वाटलं, पण टेलरबाईने त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं रडणं डोळ्यांतच थिजलं. रडून सुटायची मुभा ती त्याला देणार नव्हती. स्वतःलाही नाही.

तिने पिशवीतून तक्रारीचं पाकीट काढलं, आतला कागद उलगडला, नर्सबाईंच्या खिशातलं पेन घेतलं आणि शेवटी एक ओळ घातली. ‘हुक काढू नका असं रुग्णाच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे मी, सांगितलं होतं.’ खाली सही केली. मग वरची कामावरून काढण्याची मागणी एका आडव्या रेघेने खोडली आणि कागद मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिला.

‘मग तुमचं म्हणणं काय?’ ते गोंधळून म्हणाले.

‘ह्यांना काढू नका. काढलंत तर हे घरी जाऊन आठवड्यात विसरतील. दर बुधवारी इथे उभे करा. आम्हा सगळ्यांसमोर. सातही हुक काढायचे, मान खाली घालायची आणि सहाच्या सहा वाजेपर्यंत घरी जायचं नाही.’

‘किती दिवस?’

‘मी जिवंत आहे तोवर.’

‘गोळ्या वेळेवर घेतल्यात तर बरीच वर्षं,’ नर्सबाई कोरडेपणाने म्हणाल्या.

‘घेईन ना,’ टेलरबाई म्हणाली. ‘ह्यासाठी तर नक्कीच घेईन.’

माफीबिफीचा विषय निघाला नाही. एक गोष्ट तिने त्या दिवशी बोलून दाखवली नाही. टेबलावरचं ते धड कोणाच्या मापाचं आहे, हे फक्त तिला माहीत होतं, आणि ते तिने जपून ठेवलं. ज्याला जागाच सापडत नाही त्याला सांगून काय उपयोग, असा तिचा हिशोब होता. आधी त्याच्या बोटांना डोळे फुटू देत.

मोठ्या डॉक्टरांनी ते मान्य केलं. तेव्हापासून दर बुधवारी पट्टीवाला यायचा. पहिले काही आठवडे त्याचे कान लाल व्हायचे, एखादं बटण वाजायचं, बाकीची नाही वाजायची. टेलरबाई समोरच्या खुर्चीवर बसून टक लावून बघायची आणि एक शब्द बोलायची नाही. त्याच्या आधी तिची पाळी असायची. वर्गात नवीन बाई आली की टेलरबाई उभी राहायची आणि गोष्ट सांगायची, आता घाईने पुढे न जाता. ‘ती लाजत होती आणि मी चादर धरली. मी म्हटलं, वरूनच करा. तुमच्या घरची कोणी असं म्हणाली तर तिला खोलीबाहेर काढा. आई असली तरी, बहीण असली तरी. आणि तुम्हाला लाज वाटली तर डोळे मिटा, पण हुक काढू द्या.’ यातला एक शब्दही तिने कधी गाळला नाही, कारण तीच तिची शिक्षा होती, आणि तीही तिने स्वतःच ठोठावलेली होती.

पाचव्या महिन्यात एक गोष्ट घडली. वर्गातल्या बेकरीवालीला दुकानातच घाम फुटला, तिने फोन उचलला, ठरलेलं पहिलं वाक्य ठणकावून बोलली आणि दवाखान्यात आली. बरोबर तिची जाऊ. पट्टीवाला मशीन घेऊन आला तेव्हा जाऊ म्हणाली, ‘अहो, वरूनच करा ना, ती अवघडते.’

तो म्हणाला, ‘नाही. तुम्ही बाहेर थांबा, किंवा तोंड फिरवा. हुक काढावेच लागतात.’ आणि त्याने मान खाली घालून काम केलं. पट्टीवर जे दिसायला हवं होतं ते दिसलं. बेकरीवाली तासाभरात वर ऑपरेशनच्या खोलीत होती आणि दहा दिवसांनी वर्गात परत. लोणी मात्र आता खरंच सोडलं, असं ती शपथेवर सांगायची.

तिने हा सगळा प्रसंग वर्गात सांगितला त्या बुधवारी पट्टीवाल्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा उजेड होता. बायकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. टेलरबाईने हात मांडीवरच ठेवले.

त्याने निळ्या ब्लाउजचे सातही हुक काढले. खळगीतून बोट सरकवलं, बरगड्या मोजल्या. टिच. टिच. टिच. उलट्या हाताने डावी छाती हलकेच उचलली. टिच. त्याला आता बघावंही लागत नव्हतं. बोटं आपणहून पुढे सरकली. टिच.

‘ताई,’ तो म्हणाला. इतक्या महिन्यांत तो आपणहून तिच्याशी पहिल्यांदा बोलत होता. ‘फार हुबेहूब केलंय हे. डावीकडे जरा जास्त, हा खांदा उतरता. अशा खऱ्या बाईसारख्या खोडी कोणाला सुचणार? माप कोणाचं घेतलं होतंत?’

टेलरबाईची नाडी अगदी संथ होती. हा प्रश्न कधीतरी येणार हे तिला माहीत होतं.

‘धाकटीचं,’ ती म्हणाली. ‘ब्लाउजही तिचाच. फक्त हुक मी नंतर लावले.’

त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. इतके महिने आपण कोणाचे हुक काढतोय, कोणाला उचलतोय, कोणाच्या बरगड्या मोजतोय, हे त्याच्या बोटांपासून दंडापर्यंत चढताना सगळ्या खोलीला दिसलं. त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायला सुरुवात केली.

‘हात काढू नका,’ टेलरबाई म्हणाली. ‘सहावं राहिलंय.’